सूरपेटीवरचं पाकीट

मित्रांनो, मी एक जुनी सूरपेटी, आणि भारी भित्री. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी उंदराला भिते, ओलीला भिते, कोणी उचलून कडेवर घेतलं की पडेन म्हणून भिते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो माझ्या पाठी जन्मापासून लागलेला आहे.

मला हार्मोनियमसारखं गाणं वाजवता येत नाही. भाता हलवला की माझ्यातून एकच लांबलचक सूर निघतो आणि गाणाऱ्यांनी त्याला धरून गायचं असतं. पुण्याच्या बुधवार पेठेत एका कारागिराने मला सागवानातून घडवलं. दुकानातल्या मोठ्या पेट्या मला चिडवायच्या, "ही बघा, जन्मभर नुसतं हूं म्हणणार." खोटं कशाला बोलू, मला ते बरंच वाटायचं. एकच सूर असला म्हणजे चुकायची भीती कमी.

मला विकत घेतलं दीनाबाईंनी. पारनेर तालुक्यातल्या एका गावात त्या मिशनच्या शाळेत शिकवत. सर्व्हिस मोटारीत त्यांच्या मांडीवर बसून, जीव मुठीत धरून मी गावाला आले. गुरुवारी गावचा बाजार, म्हणून शाळेला दुपारनंतर सुट्टी असे. तेव्हा शाळेच्या ओसरीवर दहा-बारा बायका गायला जमत. बहुतेकजणी ख्रिस्ती वस्तीतल्या, पण पिंजाऱ्याची जहिराही हटकून यायची. तिचा आवाज माझ्या सुराच्या चांगला वीतभर खाली. सगळ्यांत गोड गळ्याची भागूबाई तिला म्हणायची, "जहिरा, तू नुसतं त्वांड हलीव, आवाज आमी काढतो." त्यावर जहिरा हसायची आणि आणखी मोठ्याने गायची. वाचता फक्त दीनाबाईंना येई. त्या ओळ सांगत आणि बाकीच्या ती उचलत. एका नाताळात ही मंडळी नगरला जाऊन गायली, तेव्हा फार कौतुक झालं. परत येताना प्रत्येकीने मला आळीपाळीने मांडीवर घेतलं होतं.

मग लढाई सुरू झाली. गावातली तरणी माणसं पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेली. भागूबाईचा एकुलता एक शमुवेल गेला. गोजरबाईचा नवरा गेला. पोस्टमन नबीलाल पारनेरहून सायकलवर दर गुरुवारी येई आणि पत्रं सरळ ओसरीवर आणून देई, कारण वाचणारी बाई तिथंच बसलेली असे. त्यातून एक रीत पडली. आलेलं पत्र माझ्या झाकणावर ठेवायचं, चालू गाणं पुरं करायचं, मगच दीनाबाईंनी ते वाचायचं. गाणं अर्धं सोडू नये, असं त्या म्हणत. पण खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. गाणं चालू असेपर्यंत पत्र न वाचलेलं राहायचं.

पोस्टकार्डाचं वजन ते काय, पण झाकणावर आलं की मला ते दगडासारखं जड वाटायचं. दीनाबाईंनी "इकडे सर्व खुशाल" एवढं वाचलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडे. त्रेचाळीस साली मात्र गोजरबाईच्या नावाने लांबट, भुऱ्या रंगाचं सरकारी पाकीट आलं. गाणं संपलं. दीनाबाईंनी इंग्रजीतला मजकूर आधी मनात वाचला आणि मग हळू आवाजात मराठीत सांगितला. गोजरबाई उठली आणि बाजारातून आणलेली मिरच्यांची पिशवी तिथंच विसरून घरी गेली. त्यानंतर ती गायला आली नाही.

पुढच्या वर्षी भाद्रपदात तसंच पाकीट पुन्हा आलं. एरवी नबीलाल पायरीवर बसून पाणी मागायचा. त्या दिवशी तो म्हणाला, "भागूबाई, तुमचं हाय," पाकीट माझ्यावर ठेवलं आणि मान खाली घालून निघून गेला. बायका तेव्हा दीनाबाईंनी नुकतंच रचलेलं गाणं म्हणत होत्या:

माळावरच्या पाखराला कोण घालतो दाणा,
त्याच्या हाती सोपविला मी घरचा माझा राणा.

शेवटचं कडवं झालं. भागूबाईने पाकिटाकडे न बघता पुन्हा पहिलं कडवं धरलं. सगळ्यांनी तिला साथ दिली. ते संपलं तेव्हा तिने तिसऱ्यांदा धरलं. मग बायकांनी आपापली कडवी जोडायला सुरुवात केली. आडाच्या तळाला पाणी कोण ठेवतो, वासराला गाय कोण ओळखू देतो, जिला जे सुचेल ते. जहिरानेही एक कडवं रचलं आणि तिला कोणी हसलं नाही. दीनाबाईंचा हात भात्यावर भरून आला, पण मीही मनात म्हणत होते, थांबू नका बाई. दिवस कलला तेव्हा भागूबाई म्हणाली, "आज नगं बाई. पुढल्या गुरुवारी फोडू."

"पत्र तुमचं आहे, भागूबाई. तुम्ही म्हणाल तेव्हा," दीनाबाई म्हणाल्या. त्यांनी पाकिटासकट मला शाळेच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

तो आठवडा मला अजून आठवतो. अंधारात ते पाकीट माझ्या अंगावर आणि मी एकटी. मन चिंती ते वैरी न चिंती. मी शमुवेलला शंभर तऱ्हांनी मेलेला पाहिला. पुढच्या गुरुवारी बायका गायल्या आणि पाकीट पुन्हा कपाटात गेलं. तिसऱ्या गुरुवारीही तेच. दीनाबाई काही बोलू लागल्या तर एकजण म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. तेवढंच चार दिस तिचा ल्योक जित्ता हाय." मलाही ते पटलं. मित्रांनो, माझ्या सुराला धरूनच ते सगळं चाललं होतं, हे लपवून काय उपयोग?

चौथ्या गुरुवारी गाणं ऐन भरात असताना गोजरबाई ओसरीवर चढली. वर्षभरानंतर ती पहिल्यांदाच येत होती. ती सरळ माझ्यापाशी आली आणि तिने भात्यावर हात दाबला. माझा सूर बंद पडला. गाणंही थांबलं.

"बास झालं," ती भागूबाईला म्हणाली. "माझ्या येळंला मी फोडलं. मी मेले का? मी हाय तुझ्यापाशी. फोड."

भागूबाईने पाकिटाला हात लावला नाही. गोजरबाईनेच पाकीट दीनाबाईंच्या हाती दिलं. दीनाबाईंनी वाचलं आणि त्या घाईघाईने म्हणाल्या, "जिवंत आहे. भागूबाई, शमुवेल जिवंत आहे. जखमी झालाय. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुण्याला लष्करी दवाखान्यात आहे. घरच्यांनी भेटायला यावं, असं लिहिलंय."

कोणी रडलं, कोणी हसलं. जहिराने तर भागूबाईला मिठीच मारली. दीनाबाई तेवढ्या पाकीट हातात धरून बसल्या. त्यांनी पाकिटावरचा शिक्का पाहिला होता. ते पाकीट पुण्याहून निघाल्याला महिना होत आला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच भागूबाई पुण्याला गेली. दिवाळीच्या सुमाराला शमुवेल घरी आला आणि एका गुरुवारी कुबड्या टेकत ओसरीवर येऊन बसला. बायकांनी त्याच्यापुढे फराळ ठेवला. त्याने हात लावला नाही. तो आईकडे वळला.

"तिथं इचारवंना, आता इचारतो," तो म्हणाला. "शेजारच्या खाटंवरल्यांची मान्सं यायची. मी रोज दाराकडं बघायचो. मंग भिंतीकडं त्वांड करून निजाया लागलो. आये, पाय गेला म्हनून आली न्हाईस का?"

"न्हाई रं बाबा," भागूबाई म्हणाली. "मी भ्याले."

त्या दिवशी कोणी गायलं नाही. पुढच्या गुरुवारपासून रीत बदलली. पत्र आलं की आधी वाचायचं, मग गायचं किंवा रडायचं. आता ती ओसरी नाही आणि त्या बायकाही नाहीत. माझा भाता फाटला आहे आणि मी एका कपाटावर धूळ खात पडले आहे. मला पुसा, भाता बदला, असं मी तुम्हाला सांगणार होते. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. मित्रांनो, भीती वाटली तर खुशाल वाटू द्या, मला अजून वाटते. पण कोणाचं पत्र आलं, निरोप आला, तर भिऊन तो तसाच ठेवू नका. तिकडे कोणीतरी दाराकडे बघत पडलेलं असतं.