हिमानीच्या लग्नातली जास्तीची पानं

शशिकांतच्या लग्नात मठ्ठा संपला, ही गोष्ट त्याच्या घरचे गेली एकतीस वर्षं सांगत आले आहेत. कार्यालय सांगलीचं, पंगत शेवटची, आणि वाढपी रिकामी बादली हातात धरून उभा. शशिकांतची आत्या हे इतकं रंगवून सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, मठ्ठा संपला नाही तर कृष्णेवरचा पूलच कोसळला. मीनाक्षीचे वडील, म्हणजे लग्न लावून देणारे शशिकांतचे सासरे, प्रत्येक वेळी मान खाली घालून हसायचे. शशिकांतही हसायचा. त्या हसण्यात काय वाईट होतं हे त्याला स्वतःच्या मुलीचं लग्न ठरेपर्यंत कळलं नाही.

हिमानीचं लग्न नकुलशी ठरलं. नकुल अमेरिकेतच, अ‍ॅशबर्नला नोकरी करणारा, आणि त्याचे वडील अरुणराव पक्के नागपूरकर. लग्नासाठी ते वीस माणसं घेऊन नागपूरहून न्यू जर्सीत, शशिकांतच्या गावी उतरणार होते. खाण्यापिण्याच्या बाबतीत या माणसाचा शब्द नागपुरात चालतो असं शशिकांतच्या कानावर आलं होतं. त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. आता तो मुलीचा बाप होता, आणि अन्न कमी पडलं तर गोष्ट सांगायची पाळी दुसऱ्यांची होती.

त्यात हिमानीने जेवणासाठी हॉटेल निवडलं ते पिस्कॅटवेमधलं ऑर्चर्ड हाऊस. तिथली मॅनेजर अनिका तिची शाळेपासूनची मैत्रीण. अमेरिकेतच जन्मलेली, मराठी समजणारी, बोलताना मात्र दर चार शब्दांनी इंग्रजीचा आधार घेणारी. तिने पहिल्याच भेटीत शशिकांत आणि मीनाक्षीला सगळं हॉटेल हिंडून दाखवलं. खोल्यांत शाम्पूच्या इवल्या बाटल्या नव्हत्या, भिंतीला भरून ठेवायचे डबे होते. फाटलेल्या चादरी गावातल्या दोन बायका घेऊन जात आणि त्यांच्या पिशव्या शिवून आणत. त्याच पिशव्या धुवायच्या कपड्यांसाठी खोल्यांत टांगलेल्या. लॉन्ड्रीतून वाया जाणारी ऊब पाणी तापवायला वापरत होते. भाजी वीस मिनिटांवरच्या शेतातून यायची आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा त्याच शेताकडे परत जायचा. कामाला असलेली बहुतेक माणसं चालत येण्याच्या अंतरावरची. मीनाक्षी एकेक गोष्ट हात लावून बघत होती. शशिकांत मात्र एकच गोष्ट शोधत होता, ती म्हणजे बुफेचं टेबल.

बुफे नव्हताच. इथे टेबलावर आणून वाढत. आणि लॉबीत एक काळी पाटी होती. प्रत्येक समारंभानंतर ताटांत टाकलेलं अन्न तराजूवर घालायचं आणि त्याचं वजन यजमानाच्या नावासह खडूने पाटीवर लिहायचं, असा इथला रिवाज. कुठल्याशा कंपनीच्या नावापुढे एक्केचाळीस पौंड लिहिलेलं होतं. सगळ्यात कमी आकडा चौदाचा होता, एका म्हातारीच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा. शशिकांतला ही पद्धत अजिबात आवडली नाही. पाहुण्यांचं उष्टं मोजायचं, हा कुठला पाहुणचार, असं तो गाडीत बसल्या बसल्या म्हणाला. मीनाक्षी म्हणाली की तिला तर पाटी आवडली, तिच्या बाबांनाही आवडली असती.

मग आकड्याची वेळ आली. अनिकाने फोन करून विचारलं की नक्की किती माणसं. तुम्ही सांगाल तेवढ्यांचंच बनवतो काका, कारण शेतावर भाजी त्या हिशेबाने तोडतात. खरी माणसं एकशे साठ होती. शशिकांतने छातीवर हात ठेवून दोनशे वीस सांगितली. अनिकाने पुन्हा विचारलं, शुअर ना काका? तो म्हणाला, शुअर. मठ्ठा तर त्याच्याही दुप्पट सांगितला. आपल्याकडे लग्नात खरा आकडा कुणी सांगतं का? सांगणारा माणूस वाढवून सांगतो, आचारी मनात कमी करतो, आणि दोघांचं बरोबर जमतं. अनिका मात्र ऐकलेला आकडा खरा धरणाऱ्यांतली निघाली.

जून महिना, रविवारची दुपार. हॉलमध्ये बावीस टेबलं मांडलेली, प्रत्येकावर दहा पानं. लोक आले, बसले, आणि सोळा टेबलं भरली. उरलेली सहा हॉलच्या बरोबर मध्ये कोरी करकरीत चमकत राहिली. हे शशिकांतने धरलंच नव्हतं. व्याह्यांना वाटणार की या माणसाच्या बोलावण्याला मान देऊन साठ जण आलेच नाहीत. अन्न कमी पडण्याची नामुष्की टाळायला गेला आणि माणसं कमी पडण्याची ओढवून बसला. अरुणराव चष्म्यातून त्या टेबलांकडे बघतही होते.

तेवढ्यात अनिका लगबगीने जवळ आली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती. ट्रॅफिक लागलंय का त्यांना, आपण थांबू या का, असं ती विचारत होती. स्वयंपाकघरातल्या बायकाही पुऱ्या लाटायच्या थांबल्या होत्या, उशिरा येणाऱ्यांना गरम मिळाव्यात म्हणून. शशिकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या पोरीने रागावायला हवं होतं, ती तर त्याच्या न येणाऱ्या पाहुण्यांची वाट बघत होती.

"कुणी यायचं नाहीये," तो म्हणाला. "मी वाढवून सांगितलं होतं. कमी पडू नये म्हणून."

अनिकाने दोन पोरांना खूण केली आणि ती सहा टेबलं बघता बघता घडी होऊन नाहीशी झाली, बाकीची ऐसपैस पसरली. रिकामं काही होतं हे पाच मिनिटांनी कुणाच्या ध्यानातही राहिलं नसतं. शशिकांतचा जीव भांड्यात पडला, पण त्यामुळेच त्याला पुढची युक्ती सुचली. साठ माणसांचं अन्न संपवायचा मराठी उपाय एकच, तो म्हणजे आग्रह. श्रीखंडाचं पातेलं घेऊन तो स्वतः निघाला. एक चमचा माझ्यासाठी, एक हिमानीसाठी, लाजू नका. तिसऱ्या टेबलापर्यंत त्याने चार पानांत डोंगर उभे केले. त्याच्या आग्रहाची पिस्कॅटवेच्या मराठी मंडळात ख्यातीच होती, आडवा धरलेला हात तो बोटांच्या फटीतूनही वाढून ओलांडायचा.

अनिकाने त्याला गाठलं आणि हळूच म्हणाली, "काका, प्लेटमध्ये गेलं की ते कम्पोस्ट. भांड्यात राहिलं तर मागच्या बिल्डिंगमधले सिक्स्टी सीनिअर्स आज जेवतील. आम्ही त्यांना गरम पोचवतो, तासाभरात."

उष्टं आणि उरलेलं यातला फरक शशिकांतला कुणी शिकवायची गरज नव्हती, तो त्याच्या आईने पोळपाटाजवळ बसवून शिकवला होता. पण तो या अमेरिकेत जन्मलेल्या पोरीला इतका स्वच्छ कळावा, आणि तिने त्यावर अख्खं हॉटेल चालवावं, याचं त्याला मनापासून कौतुक वाटलं. आपण लॉबीतल्या त्या पाटीला काय काय बोललो होतो ते आठवून तो ओशाळला. पुढचं पान नेमकं अरुणरावांचं होतं. त्यांनी रीतीप्रमाणे पानावर हात आडवा धरला. अशा वेळी थांबणं म्हणजे व्याह्यांचा मान न राखणं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. शशिकांतने चमचा पातेल्यात परत ठेवला.

"नको ना? मग राहू दे," तो म्हणाला.

अरुणराव त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. त्यांचा हात आपला तसाच आडवा राहिला.

जेवणं आटोपली, ताटांतलं सगळं तराजूवर चढलं आणि पाटीवर शशिकांतच्या नावापुढे नऊ पौंड लिहिलं गेलं. शशिकांतने त्यातले निम्मे तरी आपल्या त्या पहिल्या तीन टेबलांचे असणार हे मनोमन कबूल केलं. मग तो अनिकाच्या माणसांबरोबर गरम डबे आणि तेव्हाच तळलेल्या पुऱ्यांची टोपली उचलून मागच्या इमारतीत गेला. मीनाक्षीही गेली. कुणी जा म्हटलं नव्हतं, पण जास्तीची साठ पानं त्याचीच होती, ती वाढायला दुसऱ्याने का जावं?

खालच्या मोठ्या खोलीत म्हातारी माणसं ताटं मांडून तयार होती. हॉटेलचा डबा त्यांना नवा नव्हता, पुरी मात्र नवी होती. लोरेन नावाच्या नव्वदीच्या बाईंनी फुगलेल्या पुरीला बोटाने भोक पाडलं आणि वाफ निघताच त्या लहान मुलीसारख्या हसल्या. शशिकांत वाढत होता, प्रत्येकाला आधी विचारत होता, आणि पुरे म्हटलं की थांबत होता. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की पुऱ्यांची टोपली घेऊन मागून कुणीतरी येतंय. अरुणराव होते. सलवारीचे पाय दुमडून, बाह्या वर करून. व्याही पाहुण्यांना सोडून कुठे गेले हे बघायला ते आले होते आणि त्यांना काही न विचारता मीनाक्षीने त्यांच्या हाती टोपली दिली होती. सहा टेबलं कुणाची होती हेही तिने सांगून टाकलं, आणि मग सांगलीच्या मठ्ठ्याची गोष्टही. एकतीस वर्षांत ती गोष्ट तिने स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदा सांगितली. तिच्या बाबांनी लग्नाच्या त्या रात्री जेवायचं नाकारलं होतं, हे शशिकांतला आत्ता कळलं.

तो मठ्ठ्याचा जग घेऊन पुढे सरकला. आलं-कोथिंबिरीचा गार मठ्ठा त्या उकाड्यात हॉलमधल्यांसारखाच इथल्या लोकांनाही फार आवडला, पेले पुन्हा पुन्हा पुढे येत होते. शेवटच्या ओळीतल्या आजोबांनी पेला धरला आणि शशिकांतने जग वाकडा केला. दोन थेंब पडले. त्याने जग उपडा करून हलवला. दुप्पट सांगितलेला मठ्ठा संपला होता, आणि शेजारी व्याही उभे होते.

आजोबा पेला धरून बसलेलेच. तेव्हा लोरेनबाईंनी आपला न उष्टावलेला पेला उचलला, त्यातला निम्मा आजोबांच्या पेल्यात ओतला, आणि मागच्या रविवारी यांनी आपलं सूप मला दिलं होतं, असं इंग्रजीत सांगून त्या पुरीकडे वळल्या. कुणाला काही कमी पडल्यासारखं वाटलंच नाही.

अरुणरावांनी रिकामा जग शशिकांतच्या हातातून घेतला.

"शशिकांतराव," ते म्हणाले, "आता आम्ही तीस वर्षं सांगणार, हिमानीच्या लग्नात मठ्ठा संपला म्हणून. आणि कुठं संपला, तेही सांगणार."

शशिकांत हसला. मग त्याने मीनाक्षीकडे बघितलं आणि इतक्या वर्षांचं राहिलेलं एक वाक्य म्हणाला, की तुझ्या बाबांसमोर मी हसायला नको होतं. मीनाक्षीने पदराने डोळे टिपले आणि उरलेल्या पुऱ्या कुणाला हव्यात ते विचारायला ती पुढच्या टेबलाकडे गेली.