मनकर्णाबाईंच्या कानामागून

मी बोलतोय ते मनकर्णाबाईंच्या उजव्या कानामागून. शेंगदाण्याएवढा माझा जीव. रंग गव्हाळ, एक बारीक नळी आणि नळीच्या टोकाला मऊ रबराची टोपी. डॉक्टर मला श्रवणयंत्र म्हणतात. मनकर्णाबाई नुसतं ‘मशीन’ म्हणतात.

कुठल्या कारखान्यात मी तयार झालो ते मला सांगता येणार नाही. सेल घातल्याशिवाय मला काहीच ऐकू येत नाही, आणि माझ्यात पहिला सेल पडला तो नागपुरात, धंतोलीतल्या कानाच्या दवाखान्यात. पहिला आवाज ऐकला तो छताच्या पंख्याचा. दुसरा मनकर्णाबाईंच्या रडण्याचा.

“ऐकू येऊन राहिलं का वं?” शेजारीण कामिनीनं विचारलं.

“केवढ्यानं बोलतं तू! हळू बोल,” बाई म्हणाल्या आणि पुन्हा रडल्या.

कामिनी आणि त्या पाचपावलीला एकाच घरात भाड्याच्या शेजारशेजारच्या खोल्यांत राहत. बावीस वर्षं मनकर्णाबाई रोज शेअर ऑटोनं कामठीला जात आणि पॉवरलूमवर काम करत. त्या खडखडाटात एकमेकींचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून बायका ओठ वाचायला शिकल्या होत्या. मागांनी त्यांचे कान हळूहळू खाल्ले. पण ओठ वाचता येत असल्यामुळे ते कोणाला कळलं नाही. कळमन्याच्या बाजारात माल तोलणारा नवरा गेला, एकुलती एक मुलगी मिनल लग्न करून कॅनडाला गेली. फोनवर लेकीचा चेहरा समोर असायचा. बाई ओठ वाचायच्या आणि बरोबर उत्तरं द्यायच्या. चार वर्षांत मिनलला शंकासुद्धा आली नाही.

मग गुंजन झाली. मिनलची नोकरी पुन्हा सुरू व्हायची होती. आईला कायमचं तिकडे नेण्याचे कागद केव्हापासून चालले होते, ते नेमके तेव्हाच मंजूर झाले. जावई अश्विननं फोनवर विचारलं, “आई, तब्येत, ऐकणं-बघणं सगळं ठीक ना? गुंजन दिवसभर तुमच्याजवळच राहील.”

“हाव जवाईबापू. सगळं ठीक आहे,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी त्या कामिनीला घेऊन धंतोलीत आल्या. अशा रीतीनं मी त्यांच्या आयुष्यात आलो, एका खोट्याला खरं करायला.

नागपुरातले दोन महिने माझे सुखाचे गेले. कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाक, कामिनीच्या चपलांचा फटफटाट, बाई सगळं नव्यानं ऐकत होत्या. निघायच्या आधी त्यांनी गॅसचं कनेक्शन परत केलं, भांडी वाटून टाकली, खोलीची किल्ली घरमालकाच्या हातात दिली. कामिनी म्हणाली, “जवाईले मशीनचं सांगून टाक वं. काय होते सांगतलं तर?”

“तिथं गेल्यावर सांगतो,” बाई म्हणाल्या.

जायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला नवा सेल घातला. बाकीच्या सेलची पाकिटं नीट रुमालात बांधून मोठ्या बॅगेत, साड्यांच्या खाली ठेवली.

ती बॅग पोचलीच नाही.

एडमंटनच्या विमानतळावर सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला. अश्विननं काउंटरवर जाऊन कागद भरला. “येईल आई, दोन-चार दिवसांत. काही महत्त्वाचं होतं का त्यात?”

बाईंनी स्कार्फ कानावरून आणखी घट्ट ओढला. “नाही जी. कपडेच होते.”

माझा एक सेल पाच-सहा दिवस चालतो. बाईंना ते माहीत होतं. त्या रात्रीपासून त्यांनी मला पुरवून पुरवून वापरायला सुरुवात केली. मिनल आणि अश्विन घरी असले की माझं झाकण उघडून मला बंद करायच्या आणि ओठांवर भागवायच्या; थंडीच्या नावाखाली स्कार्फ घरातही डोक्यावरच असायचा. पहिले पाच दिवस मिनल रजेवर होती, म्हणून मी दिवसातून तास-दोन तासच जागा असायचो. त्यामुळे त्या घराचे आवाज मला तुकड्यातुकड्यांत माहीत आहेत. हीटरची घुरघुर, बंद खिडक्या. बाहेरून काही म्हणजे काहीच नाही. पाचपावलीत पहाटे पाचलासुद्धा एवढी शांतता नसते.

दुसऱ्या दिवशी मिनल आईला इमारतीखालच्या दुकानात घेऊन गेली. दुकानातली मुलगी बाईंशी काहीतरी बोलली. बाईंनी तिच्या ओठांकडे टक लावून पाहिलं असणार, कारण त्यांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मराठी ओठ त्या लांबून वाचायच्या, हिंदीही वाचायच्या. हे ओठ त्यांना येत नव्हते. त्या नुसत्या हसल्या. कळलं नाही की माणसं हसतात, हे मी फार लवकर शिकलो आहे.

चौथ्या दिवशी सकाळी मिनलनं विचारलं, “आई, तू अश्विनशी बोलत काहून नाही? काल त्यानं मागून दोनदा आवाज दिला, तू पाह्यलं पण नाही. त्याले वाटून राहिलं तू नाराज आहेस.”

“नाही वं. थकली होती मी.”

“इथं करमत नाही का तुले?”

“करमते ना. गुंजन आहे ना.”

गुंजन खरोखर होती, आठ महिन्यांची. बाई तिला मांडीवर घेऊन बसायच्या आणि ती घशातल्या घशात गुणगुणायची. ते ऐकायला बाई मला थोडा वेळ जास्त चालू ठेवायच्या आणि मग घाबरून बंद करायच्या.

सहाव्या दिवसापासून मिनल कामावर जाऊ लागली. आता दिवसभर मला चालू ठेवणं भागच होतं. बॅगेचा पत्ता नव्हता. अश्विन रोज फोन करायचा, रोज तेच उत्तर मिळायचं. बाई संध्याकाळी हळूच विचारायच्या, “बॅगेचं काही समजलं का जी?”

“आई, कपडे आपण नवे घेऊ ना. तुम्ही काळजी काहून करता?”

बाईंना एकच वाक्य बोलायचं होतं. रोज सकाळी ते त्यांच्या घशापर्यंत यायचं. मी कानाला लागून असतो, गिळलेला आवंढासुद्धा मला ऐकू येतो.

नवव्या दिवशी सकाळी मिनल दारात बूट घालत होती आणि मी टीट-टीट केलं. सेल संपत आला की मला तसं करावंच लागतं. बाईंचा हात चटकन कानाकडे गेला.

“मिनल...”

“काय आई? लवकर सांग, बस जाईल माही.”

मी पुन्हा टीट-टीट केलं. सांगा, बाई, आता तरी सांगा, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

“काही नाही. डब्बा घेतला ना?”

“घेतला. गुंजनकडे पाहजो.” दार बंद झालं. तासाभरानं मीही बंद झालो.

पुढचं मी ऐकलं नाही. नंतर घरात जे बोललं गेलं, त्यावरून जुळवून सांगतो.

गुंजन झोपली होती. बाईंनी तिच्या खिरीसाठी रवा भाजायला मंद आचेवर ठेवला. तिथली शेगडी विजेची, तिला ज्योत नसते. मंद म्हणून ठेवलेली आच मंद नव्हती. तेवढ्यात लेकराची दुपटी धुऊन टाकावी म्हणून त्या न्हाणीघरात गेल्या. मशीनमध्ये टाकायचं त्यांना अजून जमत नव्हतं. दार लावून, नळ सोडून त्या कपडे चोळत बसल्या.

रवा जळला. घर धुरानं भरलं. छताला लावलेलं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं. ते असं किंचाळतं की चार घरांपलीकडे झोपलेला माणूस उठून बसावा. गुंजन उठली आणि रडू लागली. शेजारच्या बाईनं दार वाजवलं, हाका मारल्या, मग मुठी आपटल्या. आत मूल रडतंय आणि दार कोणी उघडत नाही, म्हणून तिनं अग्निशमन दलाला फोन केला. बारा मिनिटांनी इमारतीच्या माणसानं किल्लीनं दार उघडलं.

मनकर्णाबाई ओली दुपटी घेऊन बाहेर आल्या, तेव्हा घरात धूर होता आणि शिरस्त्राणं घातलेले चार धिप्पाड पुरुष होते. त्यातल्या एकाच्या हातात गुंजन होती.

त्यांना वाटलं, लेकरू पळवून नेतायत. त्या त्याच्यावर धावून गेल्या. ओल्या दुपट्यानं त्याला मारलं, त्याच्या हाताला लोंबकळल्या, मोठमोठ्यानं ओरडल्या. ते लोक काहीतरी समजावत होते. बाई एकाच्या ओठांकडून दुसऱ्याच्या ओठांकडे पाहत होत्या आणि कोणाचेच ओठ त्यांना काही सांगत नव्हते. शेवटी त्यांनी खाली बसून हात जोडले.

मिनल धावत घरी आली तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. स्कार्फ गळ्यात आला होता. आणि मिनलला मी दिसलो.

पुन्हा जाग आली तेव्हा मी अश्विनच्या तळहातावर होतो, त्याच खालच्या दुकानात. आजूबाजूला पिशव्यांची सळसळ होती. त्यानंच मला नवा सेल घातला होता. तो फोनवर मिनलशी बोलत होता.

“इथंच मिळतात गं. टूथपेस्टच्या बाजूला टांगलेले आहेत. आपण पहिल्या दिवसापासून दहादा इथं येऊन गेलो.”

घरी आल्यावर मिनलनं मला आईच्या कानावर बसवलं. नळी दोनदा निसटली.

“कधीपासून ऐकू येत नाही तुले?”

“लय वर्षं झाली.”

“अन् मले सांगतलं नाही? माह्या पोरीले काही झालं असतं तर, आई?”

“मी जीव दिला असता.”

“जीव देऊन काय झालं असतं? एक शब्द बोलायचा होता! काहून नाही बोलली तू?”

मनकर्णाबाईंनी मान वर केली असावी, कारण आवाज एकदम स्पष्ट झाला. “सांगतलं असतं, तर आणलं असतं का तू मले? बहिऱ्या बाईजवळ पोरगी ठेवली असती?”

हीटर घुरघुरत राहिला. मी वाट पाहिली. बाईंनीही पाहिली. मिनल उठून गुंजनच्या खोलीत गेली.

अश्विन चांगला माणूस आहे. तो त्यांच्यासमोर खाली बसला आणि म्हणाला, “आई, तुमची चूक नाही. आमच्याच ध्यानात यायला पायजे होतं.” पण नंतर स्वयंपाकघरात ती दोघं इंग्रजीत बोलू लागली. मी ते सगळं बाईंच्या कानात पोचवलं. माझं कामच ते. त्यातला एकच शब्द त्यांना कळला, कारण तो दोनदा आला. ‘डे-केअर.’

सोमवारपासून गुंजन पाळणाघरात जाऊ लागली.

आता सेलला तोटा नाही. अश्विननं सहा पाकिटं आणून कपाटात ठेवली आहेत. एका मोठ्या डॉक्टरांची वेळही घेतली आहे, पण ती दोन महिन्यांनी आहे. आणि मी दिवसाचा बराच वेळ डबीत असतो, कारण ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही. गुंजन मांडीवर असली की मला तर काढूनच ठेवावं लागतं. “तिनं सेल तोंडात घातला तर?” असं मिनल म्हणाली, आणि तिचं खरंच आहे. कोणी वाईट वागत नाही. सगळे हळू आणि मोठ्यानं बोलतात, पाहुण्याशी बोलावं तसं. पूर्वी मिनल आईवर चिडायची, भांडायची. आता “आई, तू बस, मी करतो” म्हणते. बाई बसतात.

आज सकाळी साडेसातला सगळे गेले. आठ वाजता कामिनीचा फोन येतो, तिकडे तेव्हा रात्रीचं जेवण झालेलं असतं. त्यासाठी बाईंनी मला कानावर चढवलं.

“कशी आहेस वं मनकर्णे?”

“मजेत आहो. लय चांगलं आहे इथं. पोरगी माही लय जीव लावते.”

“अन् नात?”

“मले सोडतच नाही.”

“तुह्या खोलीत यवतमाळच्या दोन पोरी आल्या शिकायले. रात्री लय दंगा करतात बाप्पा.”

“करू दे. तरण्या पोरी आहेत.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. बाई खिडकीशी उभ्या असाव्यात, कारण काचेचा थंडपणा माझ्यापर्यंत येत होता. मग त्या बोलल्या. रिकाम्या घरात, अगदी हळू, कारण स्वतःचा आवाज केवढा आहे हे त्यांना आताशा कळतं.

“मले इथं नको ठेवू वं मिनल. नाही तर काही काम दे मले.”

ते फक्त मी ऐकलं. त्यांचाच आवाज त्यांच्याच कानात पोचवून मी गप्प बसलो. मला ऐकता येतं. मिनलला सांगता येत नाही, तसा मी बनलेलोच नाही.

म्हणून तुम्हाला सांगतोय. मिनल संध्याकाळी सहाला घरी येते. बूट काढते, गुंजनला खाली ठेवते आणि आधी चहाचं पाणी चढवते. तेवढ्यात तिला कोणीतरी सांगा. बाई तिला सांगणार नाहीत.