खांबाच्या नादानं

पुंडलिक तीस वर्षं लाईनमन होता. दोन वर्षांखाली रिटायर झाला, आन् तवापासून घरात आधी त्याचं पोट शिरायचं, मागून तो. असला गडी दहा किलोमीटर पळायला निघाला, ते पोरीपायी.

पोरगी विशाखा. पोलीस भरतीत तिसऱ्यांदा हुकलेली. गोळाफेक झकास, बाकी समदं झकास, आठशे मीटरला दोन सेकंद उशीर. तिनं बूट माळ्यावर फेकले आन् सांगून टाकलं, बस झालं. नव्या भरतीचा फॉर्म मंगळवारपर्यंतच होता. पुंडलिकचं रोज ताटावर तेच, "भर की गं. पळायला काय लागतं?"

एक दिवस पोरीनं हातातली भाकर ठेवली. "पप्पा, तुमच्यानं गच्चीवरली टाकी धुणं होत नाय, आन् मला विचारता पळायला काय लागतं?"

पुंडलिकची जीभ पायापेक्षा जोरात पळायची. "मी दहा किलोमीटर दोन तासात पळालो तर भरशील?"

"भरीन. नाय पळालात तर ह्या घरात भरतीचं नाव काढायचं नाय. कबूल?"

"कबूल!"

बायको गीताबाई भाजी वाढता वाढता म्हणाली, "ह्यांना आणायला रिक्षा सांगून ठेव गं."

रविवारी सकाळी सिल्लोड रोडला, चौका गावाच्या पुढं, शहरातल्या हौशी पळणाऱ्यांनी शर्यत ठेवली होती. डांबरी नाय, शेतातून, तळ्याच्या काठानं, डोंगर चढून परत मैदानात. वाट चुकू नये म्हणून बाभळींना लाल फिती बांधल्या होत्या. तळ्यावर मनगटात एक पिवळं रबर घालणार. रबर नाय तर शर्यत नाय. हे भोंग्यावर तीनदा सांगितलं. पुंडलिक तवा नाडी बांधत होता.

पहिल्या अर्ध्या किलोमीटरला त्याला वाटलं, आपण हरीण हावोत. दुसऱ्या अर्ध्याला वाटलं, हरीण मेलं. शाळेतली पोरं, बँकेतले साहेब, एक आजीबाई, समदे पुढं गेले. तिसऱ्या किलोमीटरला शेतातल्या आखाड्यावरच्या घरातून ओळखीच्या वच्छलाबाईनं हाक मारली, "ओ लाईनमन! आमची लाईटीची डीपी कवा बसवता?"

"रिटायर झालो, मावशी!"

"मग पळता कामून? कुणी मागं लागलंय का?"

तिनं चहा पुढं केला, आन् चहाला नाय म्हणणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं. बशीतून दोन घोट ओढले आन् निघाला. पुढं वाट फुटत होती. लाल फिती डावीकडं, तळ्याकडं. पण पुंडलिकची नजर तीस वर्षांच्या सवयीनं वर, तारांवर. सरळ अकरा केव्हीची लाईन चालली होती. कितव्या खांबावरली चिनी मातीची चिमणी फुटली होती, कुठं झाड पडलं होतं, हेच आठवत गडी खांबाखांबानं पळत राहिला. पुढं कुणी दिसंना. त्याला वाटलं, समदे दमले असतील बिचारे.

आन् पन्नासाव्या मिनिटाला तो थेट मैदानात निघाला!

टाळ्या पडल्या. लांब दोरीपलीकडं विशाखा उड्या मारत होती. भरतीत नाव लागल्यासारखं तोंड झालं होतं तिचं. वेळ लिहिणारा ऋतुराज नावाचा तरुण जवळ आला आन् हळूच म्हणाला, "काका, रबर?"

पुंडलिकनं मनगट बघितलं. मग मागं तारांकडं बघितलं. तवा कुठं डोक्यात उजेड पडला.

"जाऊ द्या काका," ऋतुराज म्हणाला. "हौशी तर शर्यत हाय. घ्या पदक, कोण इचारतंय?"

पोरीला काय ऐकू गेलं नव्हतं. पदक घेतलं की फॉर्म भरला जाणार. पुंडलिकचा हात पुढं गेलासुद्धा. पण तिला भरतीच्या मैदानावर दोन सेकंदं कुणी सोडली नव्हती. हात मागं आला.

"आलोच," म्हणाला, आन् आल्या वाटेनं माघारी पळत सुटला. मैदान खदाखदा हसलं.

वच्छलाबाई दारातच होती. "काय इसरलं का?"

"डोंगर राहिला, मावशी!"

तळ्यावरली पोरं सतरंजी गुंडाळत होती. त्यांनी रबर घातलं. डोंगर त्यानं थोडा पळून, थोडा चालून आन् बराचसा हाताचा टेकू देऊन चढला. उतरताना गुडघे त्याला इचारत नव्हते, आपल्या मनानं चालले होते.

मैदानात आला तवा कमान उतरवली होती, पोहे संपले होते. विशाखा एकटी मोबाईलमध्ये वेळ लावून उभी. ऋतुराजनं तिला समदं सांगितलेलं तोंडावरून दिसत होतं.

"दोन तास चाळीस," ती म्हणाली.

"हरलो." पुंडलिक मातीत बसला. "आजपासून नाव काढणार नाय."

ती खाली बसून त्याची पोटरी चोळायला लागली, जरा जोरातच. "चढाला एवढी लांब पावलं टाकतेत का? बारीक टाकायची. आन् शर्टावर चहा सांडलाय, पळताना चहा कोण पितं? काडीची अक्कल नाय."

"आई गं! हळू!"

तिनं दुसरी पोटरी धरली. मग खाली बघूनच म्हणाली, "फोटो जुना चालतो का हो फॉर्मला?"

पुंडलिकनं तोंड उघडलं, आन् कबूल केलेलं आठवून मिटलं.

"बोला की!"

त्यानं नुसती मान हलवली, व्हय म्हणून.