माझ्या बुडाखालची माती

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि आज माझं डोकं फिरलंय. दगडाला राग येत नाही असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल, तर ते आधी विसरा.

सेशेल्समधल्या माहे बेटाचा डोंगर म्हणजे मी. माझ्या उतारावर राहणारा गुस्ताव पर्यटकांना सांगतो, "हा ज्वालामुखीचा दगड." ज्वालामुखीचा म्हणे! अरे, ज्वालामुखीचा रस बाहेर पडतो आणि घाईघाईत थिजतो. मी पंचाहत्तर कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात, वितळलेला असताना दुसऱ्या खडकांमध्ये घुसलो आणि तिथेच अडकलो. सावकाश निवत गेलो, म्हणून तर माझे कण नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढे टपोरे आहेत. ग्रॅनाइट आहे मी! पुढे कितीतरी काळ मी तुमच्या भारताला चिकटून होतो. मग तुमचा सह्याद्री लाव्ह्यातून रचला गेला, कालचं पोर ते, आणि त्याच सुमारास जमीन फाटून मी इकडे समुद्रात एकटा राहिलो.

डोक्यावरचे खडक पावसाने झिजवले आणि मला उजेड दिसला. पण त्याच पावसाचं पाणी माझ्या भेगांत शिरलं. भेगांच्या कडा कुजून तांबडी, भुसभुशीत माती झाली आणि मधले गाभे गोल धोंडे होऊन त्या मातीवर बसून राहिले.

अशाच एका घराएवढ्या धोंड्याच्या खालच्या अंगाला एस्तेलचं पत्र्याचं घर होतं. एस्तेल म्हणजे गुस्तावची थोरली बहीण. ती धोंड्याच्या पायथ्याशी ऑक्टोपस आपटून मऊ करायची आणि संध्याकाळी त्याला टेकून नीरफणस सोलायची. "पाठ कशी छान शेकून निघते," म्हणायची. एवढ्या कौतुकावर मी खूश होतो.

गुस्तावला पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. सपाट जागा हवी, म्हणून त्याने त्याच धोंड्याच्या बुडाशी खणायला घेतलं.

"थांब रे मेल्या! वर धोंडा आणि खाली मी झोपते," एस्तेल ओरडली.

"ताई, पणजोबांच्या आधीपासून बसलाय तो. आता काय उठून नाचणार आहे?"

"बसलाय ना? मग त्याच्या बुडाखालची चटई कशाला ओढतोस?"

"तुझं आपलं काहीतरीच! खालपर्यंत एकच अखंड दगड आहे तो."

नव्हता! नव्हता रे गाढवा! पण दगडाचं ऐकतो कोण?

जानेवारी, म्हणजे इकडचा भर पावसाळा, लागला. एका रविवारी सकाळी एस्तेल चर्चमध्ये असताना धोंडा सुटला. तिच्या घराचा चेंदामेंदा झाला. पलंग कुठे होता तेही कळेना.

गाव जमलं. "दगडाने घात केला हो!" असा गुस्तावने गळा काढला आणि लोकांनी माना डोलावल्या. मित्रांनो, इतकी वर्षं झाली, पण असा खोटा आळ माझ्यावर कधी आला नव्हता. पाद्री हळूच म्हणाले, "देवाची मर्जी."

एस्तेल चिखलात उभी होती. "देवाला मध्ये ओढू नका, फादर," ती म्हणाली. "देवाच्या हातात फावडं नव्हतं." मग भावाकडे वळली. "मी पलंगावर असते तर आज माझी माती केली असतीस, गुस्ताव."

त्याने मान खाली घातली. ती बेटाच्या दुसऱ्या टोकाला मावसबहिणीकडे निघून गेली.

मला वाटलं, आता हा शहाणा होईल. कसला शहाणा! तोच उतार, वरचा दुसरा धोंडा, आणि त्याच्या बुडाशी ह्याचं खणणं सुरू. या खेपेला त्या धोंड्याखालच्या घरात तो स्वतः बायकोपोरांसह झोपतो.

मला पुजू नका, मित्रांनो, माझ्यावर हारही घालू नका. माझ्या पायाशी माती आणि मातीवर झाडं तेवढी राहू द्या. धोंडा हलायला लागला की आधी बारीक खडे सुटतात. डिसेंबर उजाडलाय. आज सकाळी गुस्तावच्या अंगणात मूठभर खडे येऊन पडले. त्याने ते झाडून टाकले आणि फावडं उचललं.

अरे, कुणीतरी त्याचा हात धरा!