अर्धा तास थांबा

बाळाच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला तीन निळसर ठिपके होते, एका ओळीत, मसुरीच्या दाण्याएवढे. कानामागे चौथा, जरा मोठा. चिमटीत धरून पिळलं की असेच उमटतात. नर्सने टोपी पुन्हा खाली ओढली.

आई म्हणाली, पोरगी कुशीवर वळली आणि पलंगाच्या कठड्यावर आपटली. बाळ दहा आठवड्यांचं. नर्सने तिला उताणं ठेवून तपासलं, वजन घेतलं, मांडीत लस टोचली. तेवढ्या वेळात ती हातपाय झाडत राहिली, वळली नाही. या वयात बाळं वळत नाहीत.

लशीनंतर अर्धा तास बसवून ठेवायचा नियम होता. नवरा खाली गाडीत थांबलाय, जरा लवकर सोडा, असं सांगून आई बाहेर बाकावर टेकली.

नर्सने हात धुतले आणि कार्ड उघडलं. महिन्यापूर्वीच्या रकान्यात तिचंच अक्षर होतं: ‘हनुवटीवर काळानिळा डाग, खुळखुळा लागून.’ त्या दिवशी रांग दारापर्यंत होती. आईने सांगितलं ते तिने उतरवून घेतलं, ‘आईच्या म्हणण्यानुसार’ एवढे दोन शब्दही न लिहिता. सहा आठवड्यांच्या बाळाला खुळखुळा धरता येत नाही, हे तिला संध्याकाळी भांडी घासताना सुचलं. पुढच्या वेळी नीट बघू, असं म्हणून तिने तो विचार बाजूला सारला होता.

तिने पुन्हा हात धुतले. बारा मिनिटं गेली होती.

सिरिंज मोजत बसलेल्या मोठ्या सिस्टरना सगळे अक्का म्हणत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तू नर्स आहेस की फौजदार? डॉक्टरांना येऊ दे.”

“डॉक्टर दोनला येतील, अक्का. ही आत्ता जाईल.”

“चौकशीला आले की कार्ड मागतील. आधी तुलाच विचारतील, हे अक्षर कुणाचं.”

“माझंच आहे.”

अक्कांचं मोजणं चुकलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बाहेर आईचा फोन वाजत होता. तिने तो न उचलता दारातून विचारलं, झाला का अर्धा तास? अजून नऊ मिनिटं, नर्सने सांगितलं. ती लगेच बसली, जणू तेवढंच हवं होतं.

नर्सने भिंतीवर चिकटवलेला बाल-मदतवाहिनीचा नंबर फिरवला. पलीकडे कुणीतरी फोन उचलला.

“लसीकरण विभागातून नर्स बोलतेय. दहा आठवड्यांच्या बाळाला घरात कुणीतरी मारतंय, असा माझा संशय आहे. बाळ आत्ता इथेच आहे. आणि हेही लिहून घ्या, महिन्यापूर्वी मी डाग पाहिला होता, तेव्हा कळवलं नाही.”