टवका उडालेला कप

ऑर्लीनाचं बोट रंगाच्या कपाच्या काठावरून फिरलं आणि थबकलं. काठ गुळगुळीत होता. तिच्या हिरव्या रंगाच्या कपाच्या काठाचा टवका उडालेला होता आणि डोळे अधू झाल्यापासून तिची सगळी भिस्त त्या टवक्यावरच होती. म्हणजे जेवणाच्या सुट्टीनंतर ताटल्यांवरची सगळी पानं तिने शेजारी बसणाऱ्या वेल्वाच्या गुलाबी रंगात काढली!

वेल्वा फुलं काढायची, ऑर्लीना पानं. कपांवरच्या रंगांच्या नावांच्या चिठ्ठ्या वाचून कप मांडायचे, तेही वेल्वाच करायची. चिनी मातीच्या कच्च्या ताटलीवर सगळेच रंग मळकट दिसतात, खरा रंग उमटतो तो भट्टीत. आणि ताटल्या तर भट्टीकडे गेल्यासुद्धा!

सांगावं, तर डोळ्यांचं बिंग फुटणार. प्लॅस्टिकच्या ताटल्या दुकानात आल्यापासून कारखान्याला माणसं काढायला निमित्तच हवं होतं. हात कापतो म्हणून परवाच हेस्टरला घरी पाठवलं होतं. रेल्वेच्या यार्डात पाय गमावून बसलेला तिचा नवरा क्लाइड आणि ती, दोघांचं पोट या एका कुंचल्यावर होतं. टेनेसीच्या त्या डोंगरात बाईला दुसरं काम तरी कुठे होतं? रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून तिने क्षमा मागितली नाही. भट्टी कोसळू दे, असं मागितलं.

भट्टी कसली कोसळते! सोमवारी मुकादम हॉबर्टने एक ताटली आणून वेल्वापुढे ठेवली.

"काय गं वेल्वा, पानं कशी वाटतात?"

"हिरवीगार! आत्ता खुडून आणल्यासारखी," वेल्वा हसून म्हणाली.

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सगळ्या रांगेचे कुंचले थांबले. त्या शांततेत ऑर्लीनाला कळून चुकलं की वेल्वालाही दिसत नाही. इतके दिवस बाई चिठ्ठ्या अंदाजानेच वाचत होती.

टेबलाखाली वेल्वाच्या हाताने चाचपत ऑर्लीनाचा हात घट्ट धरला.

हॉबर्ट ऑर्लीनाकडे वळला. "आणि बाईसाहेब, तुम्ही? तुमचीच ना ही पानं? सांगा, रंग कोणता?"

तिच्यासमोर नुसता एक पांढुरका डाग होता.

"गुलाबी," ऑर्लीना म्हणाली. मग पुढचंही बोलली. "कप वेल्वाच मांडते. मी आपली भरवशावर कुंचला बुडवला."

वेल्वाचा हात सुटला. ती उठली. एप्रन काढून, भिंतीला हात लावत लावत दाराकडे गेली. ऑर्लीनाला स्वतःची किळस आली, आणि सुटल्याचं समाधानही वाटलं, त्याची तर जास्तच किळस आली.

हॉबर्टने जुने कप उचलून नेले आणि नवे आणून तिच्यापुढे ठेवले.

"आता तुझे तूच मांड बाई. पुन्हा घोळ नको."

ती एकेका कपाच्या काठावरून बोट फिरवत गेली. सगळे गुळगुळीत होते.