काळ्या कडेची जोडी

पिसाचा मधला भाग चुन्यासारखा पांढरा होता आणि कडेने काळी रेघ होती. देठाशी पुसट, टोकाकडे जाड होत गेलेली. मैनाबाईने ते अंगणातून उचलले, उन्हात धरून पाहिले आणि पदराच्या टोकाला बांधले.

अशा पिसांची कोंबडा-कोंबडी अमरावतीत दुसरी नव्हती. खुशालराव कापसाची गाडी घेऊन अकोल्याला जाई. तिथल्या एका साहेबाच्या खानसाम्याची बायको कुलसुमबी हिच्या मागे लागून त्याने ही जोडी मिळवली आणि टोपलीत घालून मैनाबाईसाठी आणली. तो विधुर. ती विधवा, भावाच्या घरी राहणारी. पाट लावून माझ्या घरी नांदायला येतेस का, असे त्याने एकदाच विचारले. पिल्ले निघाली की सांगते, असे ती म्हणाली होती.

पिल्ले निघेनात. अंड्यांवर बसू पाहणाऱ्या खुडूक गावरान कोंबडीखाली दर वेळी या जोडीची अंडी ठेवली, दर वेळी ती तशीच राहिली. पहिल्या संसारातही मैनाबाईला मूल झाले नव्हते. आपल्या हाताखाली काही जगत नाही, असे तिला वाटू लागले. खुशालराव दारात आला की ती आत जाई.

"कोंबडी उठली, पन गाडीवान अजून खुडूकच बसला हाये," भावजय गोदाबाई म्हणायची.

एके दिवशी गोदाबाईने कालवणासाठी अंडी फोडली. जोडीच्या अंड्यातला बलक शेवाळी निघाला. नजर लागली, म्हणून ती मीठमोहऱ्या आणायला उठली. मैनाबाईने मात्र गावरान कोंबडीचे अंडे शेजारच्या वाटीत फोडले. तो बलक पिवळाधमक होता.

अंगण एकच, पाणी एकच. फरक इतकाच, की मांजराच्या भीतीने जोडी रात्री रेच्याच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या खोलीत, सरकीच्या ढिगाजवळ कोंडत. परदेशातल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. कापसातून निघालेले काही वाईट असेल, हे कोणाच्या मनातही येत नव्हते. सरकीने गायीचे दूध दाट होई, म्हणून मैनाबाई स्वतः मूठमूठ सरकी जोडीपुढे टाकत असे. गावरान कोंबड्या उकिरडाच उकरत.

तिने जोडी त्या खोलीतून हलवली, सरकी बंद करून ज्वारीची कणी घातली आणि काही आठवडे एकही अंडे उबवायला ठेवले नाही. रोज एक फोडून पाहायचे. घरातले सगळे कालवणाला कंटाळले. बलक पिवळा झाला, मग तिने अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली.

टरफलाला तडा गेला त्या सकाळी खुशालराव दारातच होता. या वेळी ती आत गेली नाही. करडी, काळी, एक पिवळट, अशी पिल्ले पंखाखालून डोकावत होती. तो उकिडवा बसला. पाटाचे नाव न काढता, यांच्यावर रेघ येईल का, एवढेच त्याने विचारले.

ते आता कळायचे नाही, पिसे फुटल्यावर दिसेल, असे तिने सांगितले.

"म्हंजे आता पिसायची वाट पाहाची का, ननंदबाई?" गोदाबाई आतून म्हणाली.

मैनाबाईला हसू आले. पदराची गाठ सोडून तिने ते पीस खुशालरावाच्या हातात ठेवले.

"रेघ येवो का न येवो," ती म्हणाली, "पाट लावू आपन. पन तुमच्या अंगनात सरकी नको."